न विचारणाऱ्यांचं घर

पुणे

चि. सोनूस,


तुझा मोठा मेसेज वाचला. मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखा तो नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

‘द इंग्लिश पेशंट’ संपवून तू चिडलीस. तुझं म्हणणं असं, की युद्धानं मोडलेली चार माणसं एका पडक्या घरात येतात, हळूहळू एकमेकांची होतात, आपणही त्यांच्यात राहायला लागतो. आणि शेवटी रेडिओवर एक बातमी येते, एकाच्या हातात बंदूक येते, मोटारसायकल निघून जाते आणि घर संपतं. लेखकानं घाईनं गुंडाळलं, असं तुला वाटलं. शिवाय तू विचारलंस, की एका बातमीनं मोडणारं घर मुळात खरं तरी होतं का? तुझा हा शेवटचा प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर आधीच सांगते: घर खरं होतं, पण अपुरं होतं. आणि ते अपुरं आहे हे मायकेल ओंडात्जेनं शेवटी अचानक सांगितलेलं नाही, पहिल्यापासून सांगितलं आहे. कुठे कुठे, ते दाखवते.

आधी ते घर पाहू. १९४५चा वसंत. इटलीत जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत गेलं आणि जाताना सुरुंग पेरत गेलं. रस्ते, पूल, बागा, दारं, कशाकशावर भरवसा ठेवायची सोय राहिली नाही. फ्लॉरेन्सच्या उत्तरेच्या डोंगरावरचा व्हिला सान जिरोलामो. आधी नन्सचा मठ, मग जर्मनांचा तळ, मग दोस्त राष्ट्रांचं लष्करी इस्पितळ. ग्रंथालयाच्या भिंतीला तोफगोळ्यानं भगदाड पाडलेलं, पाऊस आत येतो. जिन्याच्या खालच्या पायऱ्या जळून गेलेल्या. इस्पितळ पुढे हलतं तेव्हा हाना, वीस वर्षांची कॅनेडियन नर्स, जायला नकार देते. अंगभर जळलेला, नाव न सांगणारा एक रुग्ण हलवण्याजोगा नाही, हे तिचं कारण. ग्रंथालयातली वीस पुस्तकं काढून, एकमेकांवर खिळे ठोकून ती दोन पायऱ्या तयार करते. बागेत भाजी लावते. क्रूस उपटून त्याचं बुजगावणं करते आणि त्याला सार्डिनचे रिकामे डबे टांगते.

पुष्कळ समीक्षक हानाला करुणेची मूर्ती करतात. मला ती तशी वाटत नाही. ती थकलेली मुलगी आहे. तिनं केस कापून टाकले आहेत, कारण ते जखमांना लागायचे, रक्तात भिजायचे. आरशात बघायचं सोडलं आहे. मरणाऱ्या प्रत्येक सैनिकाला ती एकाच हाकेनं बोलवायला लागली होती, कारण नावं लक्षात ठेवली तर जगणं शक्य नव्हतं. तिचे वडील पॅट्रिक फ्रान्समध्ये भाजून मेले आणि ती, भाजलेल्यांची नर्स, त्यांच्याजवळ नव्हती. शेकडो माणसं हातातून गेल्यावर एकच माणूस धरून ठेवायचा, असं तिनं ठरवलं आहे. दर चार दिवसांनी ती त्याचं काळं पडलेलं अंग धुते. प्लमची साल दातांनी सोलते, बी काढते आणि गर त्याच्या तोंडात देते. आमच्या मेट्रननं हे पाहिलं असतं तर हानाला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं! पण वाचताना मला ते खोटं वाटलं नाही. एकाच रुग्णाला वाहून घेतलेली नर्स मी पाहिली आहे. ती त्या रुग्णापेक्षा स्वतःला वाचवत असते.

मी सरकारी इस्पितळाच्या बर्न्स वॉर्डात बरीच वर्षं काढली, तुला माहीत आहे. तिथे बहुतेक खाटांवर तरुण बायका असायच्या. आधी पोलीस यायचे, मग जबाब घ्यायला मॅजिस्ट्रेट यायचे. कसं झालं? बाई कोरड्या ओठांनी सांगायची, स्टोव्हचा भडका उडाला. दाराशी सासरची माणसं उभी असायची, मूल नवऱ्याच्या कडेवर असायचं. आम्ही सिस्टर लोक काही विचारत नसू. ड्रेसिंग बदलायचं, सलाइन बघायचं, चमच्यानं पाणी पाजायचं. आमच्या न विचारण्यात त्या बाईला विसावा मिळायचा, हे खरं. पण त्याच न विचारण्यात दाराशी उभ्या असलेल्यांनाही आसरा मिळायचा, हेही तितकंच खरं. ही कादंबरी मी या दोन गोष्टी एकत्र धरून वाचते.

कारण व्हिला सान जिरोलामो चालतो तो नेमका याच नियमावर. तिथे कोणी कोणाला फार विचारत नाही.

काराव्हाज्जो येतो. तू त्याला ‘अनोळखी’ म्हटलंस, पण तो अनोळखी नाही; हानाच्या वडिलांचा मित्र, टोरांटोचा चोर, ती लहान असल्यापासून तिला ओळखणारा. युद्धात दोस्तांनी त्याच्या चोरीच्या कसबाचा हेरगिरीसाठी वापर केला आणि पकडला गेला तेव्हा त्याचे दोन्ही अंगठे कापले गेले. चोराचे अंगठे! आता त्याचं कसब संपलं आहे आणि मॉर्फिनची सवय लागली आहे. हाना त्याला खोदून विचारत नाही. तो तिच्या पोटात वाढलेल्या आणि न जन्मलेल्या मुलाबद्दल विचारत नाही. ती स्वतःहून सांगते तेव्हा ऐकतो. अशा घरात माणसाला श्वास घेता येतो. तू लिहिलं आहेस, की टोरांटोत ज्या घराच्या तळमजल्यावर तुम्ही मुलं भाड्यानं राहता तिथेही असंच चालतं. कोण कशातून आलं ते कोणी काढत नाही, आणि म्हणूनच तुला तिथे बरं वाटतं. वाटणारच. पहिल्या दिवसांत कोणालाही तेच हवं असतं.

आता किपकडे ये. तुझा राग त्याच्यावरच आहे, म्हणून त्याच्यापाशी जास्त थांबते.

हाना वादळी रात्री पियानो वाजवत असते. जर्मन जाताना वाद्यांतही स्फोटकं दडवत, हे माहीत असलेले दोन सैनिक आवाज ऐकून धावत येतात आणि ती थांबेपर्यंत तिच्या बाजूला उभे राहतात. त्यातला एक किरपाल सिंग, पंजाबी शीख, सॅपर. सैन्यातला सुरुंग आणि बॉम्ब निकामी करणारा माणूस. आता त्या घरातल्या चौघांना शेजारी शेजारी उभं कर. रुग्णाची कातडी जळालेली. काराव्हाज्जोचे अंगठे गेलेले. हानाचे केस कापलेले, मन बधिर. चौघांत धडधाकट एकटा किप आणि छपराखाली न राहणाराही एकटा किपच. तो बागेत तंबू ठोकून राहतो. आपला कांदा आपण चिरतो, आपलं पाणी आपण आणतो, लांब केस धुऊन उन्हात वाळवतो. बाकीचे जिथे विसावा घ्यायला आले आहेत तिथे तो कामाला आला आहे. घराभोवतीची जमीन तो हातानं तपासतो, तारा कापतो, तेव्हा कुठे हाना अनवाणी बागेत फिरू शकते. त्यांच्या आसऱ्याची किंमत रोज सकाळी कोणीतरी बाहेर जीव टांगून भरतो आहे. लेखकानं हे लपवलेलं नाही. आपण प्रेमकथेच्या नादात ते ओलांडून पुढे जातो.

एकदा हाना त्याच्याबरोबर जाते. मोठा बॉम्ब, किपला तिसऱ्या हाताची गरज पडते, ती तार धरून उभी राहते. नंतर ती म्हणते की तिला वाटलं होतं इथेच मरू. त्यांचं जवळ येणं तिथून पुढचं. मग रात्री तंबूत तो तिला पंजाबच्या पाच नद्या सांगतो, अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून शब्दांनीच हिंडवून आणतो. वाचताना लक्षात ठेव: तो तिला आपल्या घरी नेतो ते तंबूत. व्हिलात नाही.

त्याचं नावही बघ. ‘किप’ हे नाव इंग्लंडमधल्या अधिकाऱ्यांनी ठेवलेलं. बॉम्बच्या अहवालावर तुपकट डाग पडला आणि त्यावरून ‘किपर’ या खारवलेल्या माशाचा विनोद झाला. तेच नाव चिकटलं, आणि काही दिवसांत खरं नाव कोणालाच आठवेना. आता याच्या उलट टोकाला तो रुग्ण. त्यानं स्वतःचं नाव आपणहून टाकून दिलं आहे. तो लास्लो अल्माशी आहे, हंगेरियन, वाळवंटाचा संशोधक. १९३०च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात वेगवेगळ्या देशांचे युरोपीय लोक झेर्झुराचं हरवलेलं ओॲसिस शोधत हिंडत होते. तो गटही एक प्रकारचं घरच होतं. देश, आडनाव, सरहद्दी वाळूत पुसून जाव्यात असं त्याला वाटायचं. त्याच्या जवळचं एकमेव पुस्तक म्हणजे हेरोडोटस, पानापानांत चिकटवलेल्या नोंदींनी फुगलेलं.

खरा अल्माशी या गोष्टीपेक्षा वेगळा होता, हेही सांगून ठेवते. गिल्फ केबीरमधली पोहणाऱ्या माणसांची चित्रं असलेली गुहा १९३३ साली त्यानंच उजेडात आणली. १९४२ साली त्यानं दोन जर्मन हेरांना वाळवंटातून इजिप्तपर्यंत पोहोचवलं. तो जळून मेला नाही. १९५१ साली साल्झबुर्गमध्ये आजारपणात गेला. कादंबरीकारानं त्याचं नाव, वाळवंट आणि हेरगिरी घेतली आणि बाकीचं रचलं.

कादंबरीत रुग्णाला सगळे इंग्रज समजतात; काराव्हाज्जोला मात्र संशय येतो की हा इंग्रज नव्हेच. तो मॉर्फिन आणि दारू मिसळून रुग्णाची जीभ सैल करतो आणि एकेक गोष्ट काढून घेतो. नर्स म्हणून तो भाग वाचताना माझा संताप होतो. वेदनेवरचं औषध जबाब काढायला वापरायचं नसतं. पण पुढे काय होतं ते बघ. गुपित उघड होतं: ज्या बाजूशी काराव्हाज्जो लढला, ज्यांनी त्याचे अंगठे घेतले, त्याच जर्मनांचा हा वाटाड्या. आणि काराव्हाज्जोला त्याचं काही वाटेनासं होतं. युद्ध संपलं, कोण कुठल्या बाजूचा याला आता काय अर्थ, असं त्याला वाटतं. रुग्णाला त्या घरात नाव टाकूनही आसरा मिळाला आणि नाव सापडल्यावरही मिळाला.

किपला तशी सोय आहे का? रुग्णाला किप आवडतो. दोघं कंडेन्स्ड मिल्कचा डबा एकमेकांकडे देत पितात, बंदुका आणि फ्यूज यांच्यावर तासन्‌तास बोलतात. एका जागी जन्मायचं आणि दुसऱ्या जागी राहणं निवडायचं, या बाबतीत आपण दोघं सारखेच, असं रुग्णाला वाटतं. इथे थांब आणि त्याला विचार: निवडलं कोणी? अल्माशी आपल्या हौसेनं वाळवंटात गेला. किप साम्राज्याच्या फौजेतून इटलीत आला, तोही भावाच्या जागी. त्याच्या मोठ्या भावानं इंग्रजांसाठी लढायला नकार दिला आणि तुरुंगात गेला. घरच्या रिवाजाप्रमाणे किप डॉक्टर व्हायचा, तो सॅपर झाला. अल्माशी अंगाची कातडी जळाल्यावर ‘इंग्रज’ ठरतो. किपची कातडी शाबूत आहे, म्हणून तो काहीही केलं तरी इंग्रज ठरणार नाही. कादंबरीच्या नावातला हा काटा मला फार उशिरापर्यंत टोचत राहतो.

किप म्हणजे लेखकाची कल्पनाच, असं मात्र समजू नकोस. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार हिंदी सैनिक होते. त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. त्या मोहिमेत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैनिकांना मिळाले. त्यातले दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनवर धावून गेले आणि ती बंद पाडल्यावर गोळी लागून पडले. वय बावीस. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून पलीकडे नेलं आणि हात जखमी असताना शत्रूच्या मशीनगन गप्प केल्या. म्हणजे हाना बागेत भाजी लावत होती त्याच सुमारास. घाडग्यांच्या स्मरणार्थ इटलीतल्या मोंतोने गावी २०२३ साली सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

आणि सॅपर म्हणशील तर आपल्या खडकीत बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. त्यांच्यातले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत, शीखच, यांनी १९४१ साली पूर्व आफ्रिकेत सलग चार दिवस पुढे राहून ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. त्यांच्या गाड्या सुरुंगांवर उडाल्या, तरी ते थांबले नाहीत. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीवरून जाताना तू लहानपणी बसच्या खिडकीतून ती कुंपणं पाहिली आहेस. व्हिलाच्या बागेतला तो तंबू वाचताना परका वाटून घेऊ नकोस.

आता तुझा मुख्य आक्षेप: शेवट. ऑगस्ट १९४५. किपच्या कानाला लावलेल्या रेडिओवर हिरोशिमाची बातमी येते. तो तंबूतून बंदूक घेऊन थेट रुग्णाच्या खोलीत जातो, नेम धरतो. काराव्हाज्जो सांगतो, अरे, हा इंग्रज नाही! किपला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याच्या लेखी सावळ्या माणसांच्या गावांवर बॉम्ब टाकणारे सगळे एकच. गोळी तो झाडत नाही. गणवेशावरच्या खुणा काढून टाकतो आणि मोटारसायकलवरून दक्षिणेकडे निघून जातो. पुस्तक आलं तेव्हा अनेकांना हा भाग चिकटवल्यासारखा वाटला. १९९६च्या सिनेमानं तर तो काढूनच टाकला. तिथे अल्माशी आणि त्याची प्रेयसी कॅथरिन यांचं प्रेम मध्यभागी आलं, किप बाजूला गेला, आणि सिनेमाला नऊ ऑस्कर मिळाले. सिनेमा सुंदर आहे, जरूर बघ. फक्त तो त्या घराचा सिनेमा नाही.

मला हा शेवट चिकटवलेला वाटत नाही. त्याची दोन कारणं पुस्तकातच आहेत.

पहिलं कारण किपच्या कामात आहे. सॅपर बॉम्ब उघडतो म्हणजे तो बनवणाऱ्याच्या डोक्यात शिरतो. इथे तार का वळवली, इथे दुसरा फ्यूज का लपवला. एका माणसाच्या कपटाला दुसऱ्या माणसाची चिकाटी पुरी पडते, या विश्वासावर किप रोज बॉम्बवर वाकतो. हिरोशिमाचा बॉम्ब कोणी निकामी करू शकणार नव्हतं. त्याच्यासमोर वाकून बसायला जागाच नव्हती. एका बातमीत त्याचं सारं कसब निरुपयोगी झालं. काराव्हाज्जोचे अंगठे गेले तसं किपचंही काहीतरी त्या दिवशी कापलं गेलं, आणि घरातल्या कोणाला ते दिसलं नाही.

दुसरं कारण लॉर्ड सफक. ते आणि त्यांचे साथीदार खरोखरची माणसं होती. सफकचे विसावे अर्ल, त्यांच्या सेक्रेटरी मिस मॉर्डन आणि त्यांचे ड्रायव्हर फ्रेड हार्ड्स असे तिघे मिळून बॉम्ब निकामी करत. १२ मे १९४१ रोजी लंडनजवळ एरिथला काम करताना तिघेही स्फोटात गेले. कादंबरीत किप त्यांच्या हाताखाली शिकतो. बर्फाळ, परक्या इंग्लंडमध्ये त्याला पहिल्यांदा कोणीतरी जेवायला बसवतं, नाटकाला नेतं, त्याच्या हुशारीवर भरवसा टाकतं. ते त्याचं पहिलं घर, आणि ते बॉम्बनंच गेलं. तेव्हा किपला इंग्रजांचा द्वेष होता म्हणून तो उसळला, असं म्हणता येत नाही. त्यानं इंग्रजांवर प्रेम केलं होतं. भावाचं म्हणणं बाजूला ठेवून केलं होतं. म्हणून त्याचा प्रश्न असा फुटून बाहेर येतो: मी तुमच्यासाठी बॉम्ब काढत होतो, आणि तुम्ही हे बनवत होतात?

त्याचं म्हणणं इतिहास म्हणून तपासायला बसलं तर वाद आहे, आणि तो तू घालावास. गोऱ्या राष्ट्रावर असा बॉम्ब टाकला नसता, असं पुस्तकात येतं. पण हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन गोऱ्यांचीच शहरं होती आणि बॉम्बफेकीत भाजून निघाली. अणुबॉम्बचं काम सुरू झालं तेच जर्मनीच्या भीतीनं. जर्मनी मे १९४५ मध्ये शरण आला आणि पहिली चाचणी झाली १६ जुलैला. तेव्हा किपचा निवाडा न्यायालयात टिकेलच असं नाही. कादंबरीला तो टिकायलाही नको आहे. तिथे एवढंच दिसतं, की काही महिने बाहेर तंबूत राहिलेल्या माणसानं त्या घरात पहिल्यांदा मोठ्या आवाजात काही विचारलं, आणि ते घर न विचारण्यावर उभं असल्यामुळे ते झेलू शकलं नाही. हाना त्याच्या मागे धावते, पण तिच्याजवळ उत्तर नाही. रुग्णाजवळही नाही.

मग ते घर खोटं होतं का? नाही, सोनू. तिथून कोण काय घेऊन निघालं ते बघ. हाना शेवटी सावत्र आई क्लाराला पत्र लिहिते आणि वडील कसे गेले ते सांगते. त्या घरात आली तेव्हा तिला तो विषय मनातही काढता येत नव्हता. किप घरचा रिवाज पुरा करतो, डॉक्टर होतो, त्याला बायको आणि दोन मुलं आहेत, आणि बऱ्याच वर्षांनी, जेवताना, कोणतंही कारण नसताना त्याला हाना स्पष्ट दिसते. ज्या घरानं त्याला दुखावलं त्याच घरानं त्याला हे दिलं. दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या आहेत, आणि एक नको म्हणून दुसरी बाजूला काढता येत नाही. लेखकानं त्यांना परत एकत्र आणलं असतं तर तुझा राग शांत झाला असता, पण किपचा प्रश्न हवेत विरून गेला असता.

तू टोरांटोत आहेस म्हणून दोन कामं सांगते. ओंडात्जे कोलंबोत जन्मला, ११व्या वर्षी इंग्लंडला गेला, १९६२ साली कॅनडाला. घर बदलणं त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्याची १९८७ची ‘इन द स्किन ऑफ अ लायन’ वाच. हाना, पॅट्रिक आणि काराव्हाज्जो त्यात आधीच भेटतात, आणि टोरांटो शहर ज्यांनी बांधलं त्या स्थलांतरित मजुरांची ती गोष्ट आहे. ब्लूर स्ट्रीटचा तो उंच पूल आणि सरोवरकाठचं आर. सी. हॅरिस जलशुद्धीकरण केंद्र, दोन्ही तुझ्या आवाक्यात आहेत. जाऊन बघ. त्या बांधकामांवर कोणाची नावं आहेत आणि कोणाची नाहीत, हे पाहिलंस की किपचा राग तुला वेगळ्या बाजूनं कळेल.

दुसरं काम तुमच्या तळमजल्यातलं. तुम्ही एकमेकांना फार विचारत नाही, हे चांगलं आहे. पहिलं वर्षभर असंच असू दे. पण तिथला तंबूवाला कोण आहे, यावर नजर ठेव. दर वेळी घरमालकाशी कोण बोलतं, तुंबलेलं सिंक कोण काढतं, कोणाच्या नावाचा सगळे मिळून विनोद करतात आणि तो हसून सोडून देतो, बातम्या लागल्या की कोण उठून आपल्या खोलीत जातं. त्याला आज ना उद्या काहीतरी विचारायचं असेल. तो बंदूक घेऊन येणार नाही, बहुधा गप्प राहील आणि एक दिवस दुसरीकडे खोली घेईल. त्याच्या आधी तू विचार. उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घे, समजूत घालायला जाऊ नकोस. वॉर्डात मला एवढं तरी कळलं, की न विचारता केलेली शुश्रूषा माणसाला रात्र काढून देते. पुढच्या दिवसासाठी कोणीतरी विचारलंच पाहिजे.

किपला शेवटपर्यंत माफ करायचं नसेल तर करू नकोस. पण हिरोशिमाच्या आधीची पन्नास पानं पुन्हा वाच, आणि या वेळी फक्त त्याच्या तंबूकडे लक्ष ठेवून वाच. मग मला लिही, तुझं मत बदललं की नाही. नसेल बदललं तरी लिही. भांडायला मला वेळच वेळ आहे.

थंडीत कानटोपी घालत जा.

तुझी,
आत्या